पाठीवरचा उजेड

१

चांदण्याबद्दल टाकीवालीचं एकच मत होतं आणि ते ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. माशाला मासा दिसला पाहिजे आणि माणसाला पेपर वाचता येता कामा नये, तेवढाच उजेड म्हणजे चांदणं. त्याच्या वर गेलं की ती दुकानाची पाटी.

बावीस वर्षं ती लोकांच्या घरातल्या, दवाखान्यांतल्या माशांच्या टाक्या धूत होती. म्हणून तिचं नाव टाकीवाली. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण कुठला मासा कुठल्या माशाला चावेल आणि कुठली वायर कुठल्या वायरीला जोडायची, यासाठी तिला पाचवीची गरज कधी पडली नाही. हल्ली टाकीवर चांदण्याचे दिवे लावायचं काम वाढलं होतं. एरवी टाकीवर पांढरी ट्यूब, आणि ती बंद झाली की बारीक निळा एलईडी, म्हणजे मासे एकदम काळोखात दचकून काचेवर आपटत नाहीत. असे दिवे तिनं पन्नास ठिकाणी लावले असतील. स्वतःच्या घरी पहिल्यांदाच लावत होती, आणि तेही माशांसाठी नव्हे. आईसाठी.

आईला झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात आणि डावा पाय हलायचा. समजायचं सगळं, निदान टाकीवालीची तशी खात्री होती. आईची खाट मधल्या खोलीत होती आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. ट्यूब लावली की आई डोळे मिटून कण्हायची. बंद केली की खाटेची कड अशी घट्ट धरायची की एकेक बोट सोडवावं लागायचं. उजेड सोसेना आणि काळोखही सोसेना. शेवटी टाकीवालीनं बाहेरच्या खोलीतली आपली एंजल माशांची टाकी रिकामी करून आत आणली, खाटेसमोरच्या भिंतीला लावून पुन्हा भरली आणि इलेक्ट्रिकवाल्याकडे गेली.

“पट्टी घेऊन जा ना, ताई,” इलेक्ट्रिकवाला म्हणाला. “रिमोट आहे. सोळा रंग. नाचतात पण.”

“माझी आई पाच महिने पडून आहे. तिला नाचायचं नाहीये.”

“मग सुटे आठ दाणे देतो.”

“दोन दे. गडद निळे. पांढरट निघाले तर परत आणून तुझ्या डोक्यावर लावीन. आणि हजारचा रेझिस्टर.”

“हजारचा? तिथं तीनशेचा लागतो. हजारच्यानं दिसणारच नाही काही.”

“जेवढं दिसायचं तेवढं दिसेल,” टाकीवाली म्हणाली. “पुडी बांध.”

२

ती गुरुवारी दुपारी वायरिंगला बसली. दाण्याचा लांब पाय प्लसचा, आखूड पाय मायनसचा. एका दाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडायचा, मध्ये रेझिस्टर घालायचा, दोन टोकं बारा व्होल्टच्या अडॅप्टरला. उलटा जोडला तर दाणा पेटत नाही, आणि हे तिला फार आवडायचं. दाणा माणसापेक्षा बरा. चुकलं तर गप्प बसतो, उगाच उजेड पाडत नाही. सांधे डाग देऊन पक्के केले, वर सिलिकॉन फासलं. वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे पाणी ओघळलंच तर खाली ठिबकेल, प्लगात शिरणार नाही.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, दुसऱ्या शहरात राहायचा आणि तिथून काळजी करायचा.

“ताई, मी रविवारी येतोय. या नाही, पुढच्या. गाडी घेऊनच येतो.”

“कशाला? आईला फिरवायला?”

“तुला माहितीये कशाला. त्या संस्थेत जागा झालीये. चोवीस तास नर्स असते तिथं. तू सकाळभर बाहेर असतेस, आणि आईला आता कळतही नाही कोण आपलं, कोण परकं.”

“तिला कळतं. तुलाच कधी कळलं नाही.”

“एक शब्द बोलली का पाच महिन्यांत? एक? मी येईन त्या रविवारपर्यंत तिनं एक शब्द उच्चारला ना, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शपथ.”

“लिहून ठेव,” टाकीवाली म्हणाली आणि फोन आपटला. मोबाइल नीट आपटता येत नाही, याचा तिला राग होता.

मग ट्यूब बंद केली आणि प्लग घातला. टाकीच्या पाण्यात दोन निळे ठिपके उमटले. पाच चपटे, उंच, रुपेरी एंजल त्या उजेडात कागदाच्या कात्रणांसारखे तरंगत होते. खोलीत खाटेची कड दिसत होती, कपाटाचा कोपरा, उशाशी असलेलं प्लास्टिकचं स्टूल. आईनं डोळे मिटले नाहीत, कण्हली नाही. तिच्या दोन्ही बुबुळांत दोन-दोन निळे दाणे चमकत होते. डाव्या हाताची बोटं खाटेवरून सुटली आणि पांघरुणावर मोकळी पडली.

टाकीवाली स्टुलावर बसून ढसाढसा रडली. बघायला कुणी नव्हतं, म्हणून.

३

शनिवारी मासे कलले.

सकाळी आईजवळ बसायला एक मावशी यायच्या. त्या दोनला गेल्या की टाकीवाली आईला भरवायची आणि पाचपर्यंत चांदणं लावून ठेवायची. त्या दिवशी ती ताट उचलून वळली आणि थबकली. पाचही मासे काचेकडे तोंड करून उभे होते आणि पाचही डावीकडे झुकले होते. भिंतीवरचं चित्र तिरकं व्हावं तसे.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मासा आपली पाठ कायम उजेडाकडे ठेवतो. वर दिवा असतो म्हणून तो आपल्याला ताठ दिसतो. बाजूच्या खिडकीतून ऊन आलं की मासा खिडकीकडे कलतो. गिऱ्हाइकं घाबरून फोन करतात, की मासा लंगडा झाला. टाकीवाली जाते, पडदा ओढते, पैसे घेते आणि येते.

पण इथं ओढायला पडदा नव्हता. डावीकडे खोलीचं दार, आणि ते बंद.

दाराच्या फटीतून येत असेल उजेड, असं म्हणून तिनं फटीत जुनी चादर कोंबली. मासे कललेलेच. कडांना काळी चिकटपट्टी लावली, किल्लीच्या भोकातही कापूस घातला. अडॅप्टरवर मिणमिणता लाल ठिपका होता, त्यावर पट्टी डकवली. मोबाइल बाहेर ठेवून आली. मग टाकीवरचे आपले दोन दाणे तपासले. दोन्ही जागच्या जागी, बरोबर मधोमध.

एक एंजल कलला असता तर ती म्हणाली असती, पोटातली हवेची पिशवी बिघडली. पाच माशांच्या पाच पिशव्या एकाच दुपारी एकाच बाजूला बिघडत नाहीत.

तिनं टॉर्च आणून टाकीच्या वर धरला. पाचही मासे ताठ झाले, शाळेत साहेब आल्यासारखे. टॉर्च विझवला. सावकाश, एकापाठोपाठ एक, ते पुन्हा दाराकडे झुकले.

म्हणजे दाराशी उजेड होता. तिच्या दोन दाण्यांपेक्षा जास्त होता. तिला तो दिसत नव्हता, एवढंच.

“हजारच्या रेझिस्टरचं हे,” ती मोठ्यानं म्हणाली. “फार बारीक झालं चांदणं. माशांना दिशाच कळेना.” तिला स्वतःलाच ते पटलं नाही, पण आई ऐकत होती.

आईची मान दाराकडे वळलेली होती.

४

रविवारी मासे दाराकडे नव्हते. दार आणि खाट यांच्या मध्ये कपाट होतं, त्याच्याकडे कलले होते. सोमवारी आणखी जरा आत.

टाकीवालीनं कपाट रिकामं केलं. त्याच्या दारावरच्या आरशावर चादर टाकली. उजेड कुठून तरी येऊन आरशात आपटत असेल, तर आता आपटू दे चादरीवर. मासे आपले तसेच. ती खोलीभर फिरली, भिंतींवरून हात फिरवला, जमिनीला कान लावला. खोलीत दोनच आवाज होते, हवेच्या पंपाची घरघर आणि आईचा श्वास. माशांच्या पाठी जिकडे कलल्या होत्या त्या जागी ती मुद्दाम जाऊन उभी राहिली. तिथं थंडी नव्हती, ऊब नव्हती, वास नव्हता. रिकामी फरशी होती.

“मावशी,” मंगळवारी तिनं विचारलं, “सकाळी तुम्ही चांदणं लावता का?”

“लावते की. तुझ्या आईला बरं वाटतं. मी विणत बसते दारात.”

“मासे तिरके दिसतात?”

“मासेच ते. तिरके काय, सरळ काय. मला विचारशील तर मासा ताटात सरळ असला की झालं.” मावशी हसल्या, मग पिशवी उचलता उचलता थांबल्या. “एक सांगू? रागावू नकोस. तुझी आई हल्ली कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बघते. आधी वाटलं माझ्याकडे बघते. मी सरकले तर नजर तिथंच. माझी सासूही शेवटी अशीच…”

“तुमची सासू तुमच्या घरी,” टाकीवाली म्हणाली. “माझी आई कुठं जात नाही.”

त्या दुपारी मासे खाटेच्या पायथ्याकडे कलले. पायथा टाकीच्या जवळ, म्हणून ते इतके झुकले होते की आडवे पडतील असं वाटत होतं. टाकीवाली हातात वाटी घेऊन बघत राहिली. आणि पांघरुणाखाली आईचा डावा पाय हलला. आईनं तो आखडून वर ओढून घेतला. कळ आल्यासारखा नाही. खाटेवर बसायला कुणाला जागा करून देताना घेतात, तसा.

५

एका टाकीतल्या माशांवरून दिशा कळते, जागा कळत नाही. जागा हवी असेल तर दुसरीकडून बघावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण बावीस वर्षं काचेतून बघणाऱ्या बाईला एवढं समजतं.

आजारी मासा वेगळा ठेवायची एक छोटी चौकोनी टाकी तिच्याकडे होती. बुधवारी तिनं ती आईच्या उशामागच्या फळीवर ठेवली आणि पाचांतला एक एंजल त्यात सोडला. चांदणं लावलं. मोठ्या टाकीतले चार मासे पायथ्याकडे कलले. छोट्या टाकीतला एकटा मासा आधी इकडेतिकडे फिरला, मग स्थिर झाला आणि झुकला. टाकीवालीनं मावशींचा लोकरीचा पांढरा दोरा घेतला. मोठ्या टाकीच्या काचेला एक टोक चिकटवून मासे ज्या रेषेत कलले होते त्या रेषेत समोरच्या भिंतीपर्यंत ताणला. दुसरा दोरा छोट्या टाकीपासून ताणला.

दोन दोरे पायथ्याच्या गादीवर एकमेकांना छेदून गेले. तिथं गादी सपाट होती. टाकीवालीनं तळहात ठेवून पाहिलं. पांघरुणाला एक सुरकुतीही नव्हती.

पेपरवाल्यांना बोलवावं एवढं हे विचित्र आहे, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरा विचार आला, की धाकट्याला कळलं तर तो आईला उद्याच नेईल आणि वर बहिणीचं डोकं फिरलंय म्हणेल. तिनं दोरे गुंडाळून ठेवले.

गुरुवारी पुन्हा ताणले. छेद पुढं सरकला होता. दोन्ही दोरे आता उशाजवळच्या स्टुलावरून जात होते. त्याच प्लास्टिकच्या स्टुलावरून, जिथं बसून ती रोज आईला भरवायची.

तिनं मनात अंतर मोजलं. दार, कपाट, पायथा, स्टूल. स्टुलाच्या पुढं आता उशीच होती.

आई स्टुलाकडे बघत होती. डोळ्यांत भीती नव्हती आणि हेच टाकीवालीला सोसवेना. आई दमलेल्या माणसासारखी बघत होती, गाडी लागली की चढायचं, एवढंच उरलेल्या माणसासारखी.

“आई,” ती म्हणाली, “इकडे बघ. माझ्याकडे बघ गं.”

आईनं बघितलं नाही.

६

टाकीत कधी कधी एखादा दांडगा मासा एक कोपरा धरतो. बाकीच्यांना तिथं फिरकू देत नाही, हळूहळू शेजारची जागाही बळकावतो. नवशिके त्याला जाळीनं हाकलतात, तो पुन्हा तिथंच येतो. टाकीवालीची पद्धत वेगळी. त्याच्या कोपऱ्यात एक चांगला मोठा दगड ठेवायचा. जागा भरली की मासा आपण होऊन निघतो. भांडण नाही, मारामारी नाही.

शुक्रवारी दोनला मावशी गेल्या. तिनं दार लावलं, ट्यूब बंद केली, चांदणं लावलं. दोरे कालचेच होते. मासे कालच्याच जागी कलले होते. ती सरळ चालत गेली आणि स्टुलावर बसली. दोन्ही दोरे तिच्या छातीशी येऊन टेकले.

“ऐक,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. “ही जागा माझी आहे. पाच महिने मी इथं बसते. घास मी भरवते, कूस मी बदलते. इथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही. हिच्या उशाशी जायचं असेल तर माझ्यातून जावं लागेल. कळलं? आहे हिंमत?”

पंप घरघरत राहिला.

ती ताठ बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मासे तिच्याकडे कललेले होते आणि सरळ होत नव्हते. तिला आपलंच हसू यायला लागलं. बाई, चार इयत्ता शिकलीस आणि रिकाम्या खोलीला दम देत बसलीस. ती वाटी उचलायला वाकली.

तेव्हा आईनं डावा हात वर केला.

पाच महिन्यांत तो हात खांद्याच्या वर गेला नव्हता. आता तो हळूहळू वर आला आणि आईच्या कपाळावर आडवा झाला, डोळ्यांवर छपरासारखा. भर दुपारी उन्हातून येणाऱ्या माणसाकडे बघताना धरतात तसा. आणि त्या हाताखालून आई पहिल्यांदा थेट लेकीकडे बघत होती.

“काय गं? काय होतंय?” टाकीवाली तिच्या तोंडाजवळ वाकली. आईच्या बुबुळात तिला टाकीचे दोन निळे दाणे दिसले, बारीक, आपापल्या जागी. त्यांच्या मध्ये, वाकलेल्या माणसाचं डोकं जिथं काळं दिसायला हवं, तिथं काळं काही नव्हतं. तिथं दुधासारखं पांढरं होतं. ते बुबुळाच्या कडांपर्यंत भरलं होतं, आणि ती जशी मागं झाली तसं लहान होत गेलं.

तिनं उठून ट्यूब लावली. आई कण्हली आणि डोळे मिटले. टाकीवाली स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. हात नेहमीचेच होते, सिलिकॉन लागलेले. त्या दिवशी तिनं पुन्हा चांदणं लावलं नाही.

७

शनिवारी सकाळी ती दातांच्या डॉक्टरांकडच्या टाकीवर गेली होती. तिथं चांदणं नवीन लावायचं होतं. दाणे चिकटवून झाले तोच मावशींचा फोन आला.

“अगं, मासे तिरके दिसतात का विचारलं होतंस ना? चांदणं लावलंय. एकदम पट्टीसारखे सरळ आहेत. तो डोक्यावरच्या टाकीतला पण.”

“पाचही?”

“पाचही. आणि तुझी आई मान सरळ करून मजेत झोपलीये. इतकी छान झोपलेली मी तिला पाहिलीच नव्हती.”

टाकीवालीनं फोन छातीशी धरला. गेलं. दगड ठेवला आणि गेलं. आनंदात तिनं स्वागताच्या टेबलावर बसलेल्या मुलीला सांगितलं, “पडदे ओढ जरा. तुला चांदणं दाखवते.”

मुलीनं पडदे ओढले. टाकीवालीनं पांढरा दिवा बंद करून प्लग घातला. मोठी टाकी होती, बारा रुपेरी माशांची. निळे ठिपके उमटले, पाणी खोल झाल्यासारखं दिसलं. मुलगी “अय्या” म्हणाली.

मग बारा मासे टाकीवालीकडे कलले.

ती डावीकडे दोन पावलं गेली. मासे डावीकडे वळून झुकले. उजवीकडे गेली. उजवीकडे झुकले, सगळे एकदम, वाऱ्यानं गवत झुकावं तसे.

“तुम्हाला ओळखतात वाटतं!” मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली.

“हो,” टाकीवाली म्हणाली. “माशांमध्येच गेला जन्म.”

तिनं प्लग उपसला, पांढरा दिवा लावला आणि पिशवीत हत्यारं भरू लागली. दगडाची गोष्ट तिनं स्वतःला पूर्ण सांगितलीच नव्हती. बहुतेक मासे दगड ठेवला की कोपरा सोडतात. काही सोडत नाहीत. ते दगडालाच घर करतात, त्याला चिकटून राहतात, आणि मग तो दगड टाकीत जिथं सरकवाल तिथं तो मासा त्याच्याबरोबर जातो. हे तिनं कितीदा पाहिलं होतं. नेमकं काल आठवलं नव्हतं.

८

घरी आली तेव्हा मावशी दारातच चपला घालत होत्या. “बघ जा,” त्या म्हणाल्या. “आज तोंड हलवत होती. काहीतरी सांगायचंय तिला.”

टाकीवाली खोलीच्या दाराशी थोडा वेळ थांबली. उद्या रविवार होता. मग ती आत गेली, दार लोटून घेतलं आणि पायानं चादर फटीत सारली.

चांदणं चालू होतं. माशांकडे तिनं बघितलं नाही. ती आईकडे बघत होती. आईची मान खरंच सरळ होती. चेहऱ्यावर जरा रंग होता. ती पाऊल पुढं टाकत गेली तसा आईचा डावा हात वर येत गेला आणि कपाळावर आडवा झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“दि…”

टाकीवाली जागच्या जागी खिळली.

“दि… वा.”

“दिवा? दिवा म्हणालीस? आई गं! पुन्हा म्हण!” ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दिवा काय? बंद करू? डोळ्यांवर येतोय? थांब, हा बघ, काढते.”

तिनं प्लग ओढला. दोन्ही निळे दाणे विझले. दार लोटलेलं, फटीत चादर, किल्लीच्या भोकात कापूस. खोलीत स्वतःचा हात दिसणार नाही असा काळोख झाला.

“काढला बघ. आता बरं वाटतंय?”

काळोखात टाकीतलं पाणी एकदा हललं. मग आईचा आवाज आला. पाच महिन्यांचा गंज चढलेला, पण स्पष्ट.

“तो नव्हे गं. तुझा.”

चाचपडत टाकीवालीनं प्लग पुन्हा घातला, कारण काळोखात आई खाटेची कड धरते. मग पाठ न वळवता, मागं मागं चालत बाहेर आली, आणि धाकट्याला फोन लावला.

“आई बोलली,” ती म्हणाली.

“काय! ताई! खरंच? काय बोलली?”

“दिवा बंद कर म्हणाली.”

“मग कर की बंद!” तो हसत सुटला, आणि हसता हसता त्याचा आवाज ओला झाला. “जिंकलीस बघ तू. मी शब्द मोडणार नाही. आता त्या संस्थेचं नावसुद्धा काढणार नाही.”

“उद्या येतोयस ना?”

“येतोय म्हणजे काय! आईच्या तोंडून ऐकायचंय मला.”

“गाडी घेऊन ये. तिला घेऊन जा.”

त्याचं हसणं थांबलं. “ताई, बरी आहेस ना? इतके महिने भांडलीस माझ्याशी. आता ती बोलायला लागली, आणि आता कशाला न्यायचं?”

“सांगितलं तेवढं कर. कधी नव्हे ते तुला काही मागतेय. आणि लवकर ये.”

ती अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीशी उभी होती. आत निळा उजेड होता. मोठ्या टाकीतले चार आणि उशामागचा एक, पाचही मासे दाराकडे कलले होते, अगदी पहिल्या दिवशीसारखे. आईची मान दाराकडे वळली होती आणि हात अजून डोळ्यांवर होता.

“ताई? ऐकतेस ना?”

टाकीवाली एक पाऊल मागं सरली. मग आणखी एक. पाठ बाहेरच्या भिंतीला टेकली तशी ती भिंतीकडेनं स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि तिथून, ओट्याच्या कोपऱ्यातून, मान वाकडी करून फटीकडे बघत राहिली. मासे एकेक करत सरळ झाले. आईचा हात डोळ्यांवरून हळूहळू खाली आला.